डाव्या वळणाचा सांधा

१ सप्टेंबर २०२४, रविवार

कृषी सेवा केंद्रवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी आठ महिने कपाटावर पडून होती. पाठीवर खताचं पोतं छापलंय आणि आत प्रत्येक पानाखाली एक सुविचार. सुविचार मी वाचणार नाही. लिहायचं ठरवलं, कारण उद्यापासून दुकानात तांबं घ्यायला सुरुवात करते आहे. तांब्यात चूक झाली तर ती कुठे झाली हे मागं वळून बघता आलं पाहिजे.

आजवर लोखंड, पत्रा, पुठ्ठा, प्लॅस्टिक एवढंच घेत होते. लोखंडात फसायला फारशी जागा नसते. तांब्याचं खूळ सायमनने डोक्यात भरवलं. त्याचा टेम्पो आहे. पारनेरपासून राहुरीपर्यंत वाड्यावस्त्यांवरून भंगार गोळा करतो आणि देवळाली प्रवऱ्यात माझ्या दुकानात आणून टाकतो. म्हणाला, "वहिनी, लोकं मला पानबुडी मोटारींच्या केबली देत्यात. मी त्या दुसऱ्याला नेऊन घालतो, त्यो मला गंडवतो. त्यापरीस तुमीच घ्या. गंडवायचं तर घरच्यानं गंडवावं."

सायमन मच्छिंद्रचा जुना मित्र. मच्छिंद्र म्हणजे माझा नवरा. तोंडाने नाव घेत नाही, पण डायरीत घ्यायला कोणाची परवानगी लागते? तो मोटारी दुरुस्त करायचा, विहिरीत सोडून द्यायचा. सहा वर्षांपूर्वी सुरतेला काम मिळालं म्हणून गेला. महिनाभर फोन आले, मग फोन बंद. पोलिसांत दिलं, सुरतेला दोनदा जाऊन आले, काही हाती लागलं नाही. त्याचं मोटारींचं दुकान मी भंगाराचं केलं. मूलबाळ नाही. घरात मी आणि माझी सासू लंकाबाई, दोघीच. मी तिला आत्या म्हणते.

आज सायमन चर्चला. माल मंगळवारी येईल म्हणाला.

३ सप्टेंबर, मंगळवार

पहिला माल आला. सायमनने दोन पोती केबल अंगणात ओतली आणि हात झटकून चहाला बसला.

मी रीत ठरवली आहे. नुसतं बघून भाव सांगायचा नाही. हातभर तुकडा कापायचा, सोलायचा, आतलं तांबं आणि वरचं प्लॅस्टिक वेगळं तोलायचं आणि मगच पोत्याचा भाव. दिसायला जाडजूड केबलीत पुष्कळदा सगळं प्लॅस्टिकच निघतं. लोहचुंबक लावून बघायचं, टीव्हीच्या वायरीत तांब्याचा नुसता मुलामा असतो आणि आत लोखंड. मग चाकूने खरवडायचं, खाली पांढरं दिसलं तर ते तांबं नव्हे, ॲल्युमिनियमला चढवलेला रंग. आणि जळकी तार अजिबात घ्यायची नाही. ज्याला सोलायला सवड नसते, त्याने ती कोणाच्या तरी विहिरीवरून ओढून आणलेली असते. सायमन म्हणाला, "निम्मा धंदा बुडंल." बुडू दे.

काट्यावरच्या दिव्याची वायर तुटली होती, तीही जोडली. सायमन बघत होता. म्हणाला, "सगळं जग टेप अशी गुंडाळतं आन् तुमी उलटी. उजव्या हातानं डावखुऱ्यावानी." मी म्हटलं, मला अशीच येते. मच्छिंद्र डावखुरा. लग्नानंतर दहा-बारा वर्षं मी त्याच्या शेजारी बसून वायरी धरल्या, टेप कापून दिली. माझ्या हाताला त्याचंच वळण लागलं. आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी, मग त्यावर टेप, उलट्या वळणाने. त्याचे सांधे विहिरीच्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकायचे. माणूस टिकला नाही, ते सोडा.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज चूक केली. छबूबाई नावाची म्हातारी आहे, धुणंभांडी करते. कोणी टाकून दिलेलं वायरीचं भेंडोळं घेऊन आली. सोललं तर आत चांदीसारखी पांढरी तार. मी ॲल्युमिनियमचा भाव सांगितला, ती "बरं" म्हणून गेली. दुपारी सहज खरवडून बघितलं तर पांढऱ्याखाली लालभडक तांबं. वर कलई केलेली. म्हणजे तांब्याखाली पांढरं निघतं तसं पांढऱ्याखाली तांबंही निघतं, आणि मी तीन दिवसांत गुरू झाल्यासारखी मिरवत होते.

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन राहिलेले पैसे दिले. तिला वाटलं मी उसने मागायला आले, म्हणून दार अर्धंच उघडलं. पैसे देते आहे असं कळल्यावर तर तिला माझाच संशय आला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पितरांचा पंधरवडा. सासऱ्यांच्या नावाचं पान परवा वाढून झालं होतं. आज आत्या पुन्हा एक पान घेऊन मागच्या भिंतीकडे निघाली. मी विचारलं, "हे कोणाचं?"

"माज्या भावाचं."

या मामांना मी चांगली ओळखत होते. भाजीत मिरची जरा जास्त पडली तरी ठसका लागायचा. आणि पानावर तर तळलेल्या मिरच्यांचा ढीग. मी म्हटलं, "आत्या, मामांना वर गेल्यावर तिखट चालायला लागलं वाटतं." ती हसली नाही. कावळा लगेच आला, तरी ती कितीतरी वेळ उन्हात उभी.

वय झालंय, दुसरं काय. कोणाला काय आवडायचं यात आता तिचा घोटाळा होतो. तळलेल्या मिरच्या या घरात एकट्या मच्छिंद्रला लागायच्या. सहा वर्षांनी तो वास घरात आला आणि मग मला दिवसभर काम सुचलं नाही. दोन पोती तशीच पडून आहेत.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्र. आत्याने कासारणीला घरी बोलावून माझ्या हातात हिरवा चुडा भरायला लावला. केबल सोलताना काच फुटते म्हणून मी प्लॅस्टिकच्या बांगड्यांवर भागवत होते. तिने ऐकलंच नाही. "भर. दुनियेला दिसू दे."

दुनियेला काय पडलंय? दुनिया मला धड सवाष्ण म्हणत नाही, धड विधवा म्हणत नाही. हळदीकुंकवाला बोलावतात, पण कुंकू लावताना बायकांचं बोट माझ्या कपाळापाशी जरासं थांबतं. मला ते थांबणं नको झालंय. जिवंत आहे की मेला, एकदा काय ते कळू दे, पुढचं मी बघीन. सहा वर्षं देवाजवळ एवढंच मागते आहे. तो परत यावा असं मागायचं मी कधी सोडलं ते मला आठवत नाही.

आत्याचंही गेल्या दिवाळीपासून काही खरं नाही. तेव्हा सायमनच्या टेम्पोतून शिर्डीला दर्शनाला म्हणून गेली आणि दुसऱ्या दिवशी परतली ती प्रसाद नाही, उदी नाही, डोळे सुजलेले. "गर्दीत चेंगरले," म्हणाली. त्या दिवाळीत लाडवाला हात लावला नाही. साखर वाढली असेल म्हणून रक्त तपासून आणलं तर ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, वय.

९ ऑक्टोबर, बुधवार

सायमनने काल टाकलेल्या पोत्यात पानबुडी मोटारीची एक चपटी केबल निघाली. नवीकोरी, पण ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरमध्ये सापडून तुकडे झालेले. सांध्याच्या मालाला भाव कमी मिळतो, म्हणून मी सांधे कापून वेगळे टाकते. एक कापायला घेतला तर टेप उलटी. ती सोडवली तर खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी.

केबल ओल्या फडक्याने पुसली आणि तिची पाठ वाचली. कंपनी पाठीवर साल उठवते. २०२४. म्हणजे ती यंदा बनली, यंदा कोणीतरी विकत घेतली आणि यंदाच जोडली. टेपचा डिंक अजून बोटाला चिकटत होता.

तो जिवंत आहे. त्याच्या हाताशेजारी मी बारा वर्षं बसले, मला कोण काय सांगणार? अख्ख्या नगर जिल्ह्यात असा सांधा बांधणारा दुसरा माणूस नाही.

सायमनला बोलावून दाखवला. त्याने तो हातात घेतलाच नाही. "असं लई जन बांधत्यात, वहिनी."

"तूच म्हणाला होतास ना, सगळं जग सरळ गुंडाळतं आणि मीच उलटी म्हणून?"

त्याने खिशातून टेम्पोची किल्ली काढली.

"कुठल्या वस्तीवरून आणलंस?"

"ध्यानात न्हाई."

कोणत्या वस्तीवर कोणत्या रंगाचं कुत्रं अंगावर येतं हे या माणसाच्या ध्यानात असतं. आणि हे नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आत्याला सांगितलं. वाटलं होतं, देवाजवळ साखर ठेवेल, निदान उठून उभी राहील. तिने पदर तोंडाला लावला. "जाऊ नगं, पोरी."

मी म्हटलं, "आत्या, तुमचा मुलगा आहे. माझा तर नुसता नवरा."

"जाऊ नगं," एवढंच.

आई असून ही अशी. बहुतेक आशेला घाबरते. सुरतेहून मी दोन्ही वेळा रिकामी आले तेव्हा तिचं काय झालं होतं ते मी पाहिलंय.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. वजनकाट्याला झेंडूची माळ घातली, सोलायच्या चाकूला कुंकू लावलं. लक्ष कशातच नव्हतं. सांधा मी गल्ल्यात ठेवलाय आणि येता-जाता उघडून बघते. आज दुकान बंद, म्हणून नीट विचार केला.

तो भेटला तर मी काय करणार? पहिला विचार आला कानाखाली वाजवायचा. दुसरा, रडू येईल. तिसरा मात्र कालपासून जात नाही. घरी आणला तर झोपेल कुठे? त्याच्या खोलीत मी तांब्याचा माल ठेवते. पत्रा गळत नाही अशी ती एकच खोली आहे आणि ती रिकामी करायची मला इच्छा नाही. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ज्याची सहा वर्षं वाट बघितली त्याच्यासाठी मला चार पोती हलवायचा कंटाळा येतोय.

त्याला एकच विचारायचं आहे. मी काय केलं होतं? भांडण झालं असतं तर भांडण म्हटलं असतं. जायच्या दिवशी डबा नेला, दारात चपला घालताना म्हणाला, "बाथरूमचा नळ गळतोय, परत आलो की बघतो." एवढं बोलून कोणी कायमचं जातं का? नळ शेवटी मीच बसवला.

आणि हे सगळं असूनही आज सकाळी केसांना मेंदी लावली. रविवार आहे म्हणून, असं आत्याला सांगितलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सायमनला शेवटचं विचारलं. सांगत नसशील तर उद्या पारनेरची एसटी धरते आणि वस्त्यावस्त्यांवर सांधा दाखवत फिरते. मला वेड लागलंय असं लोक म्हणतील, म्हणू देत.

तो म्हणाला, "एकट्या न्हाई जायाचं तुमी. परवा मी नेतो." आणि आत्याकडे बघितलं. आत्या आत निघून गेली. दोघांचं आपसात काहीतरी बिनसलेलं दिसतं. तिच्या गुडघ्याचं तेल आणायला तो विसरला असेल. विसरला तर विसरला, एवढं काय तोंड फिरवायचं?

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते जमेल तसं लिहिते.

सकाळी निघालो. नवी साडी नेसले होते. हे लिहून ठेवते, कारण पुढे कधी मी ते कबूल करणार नाही.

राळेगणसिद्धीला सायमनने टेम्पो उभा केला. चहा आला, निवला, त्याने तोंडाला लावला नाही. म्हणाला, "वहिनी, तुमाला एक सांगायचं हुतं."

"सांग."

तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी निघताना जेवान केलंय का?" मला वाटलं यालाच भूक लागली आहे. वडापाव मागवला. तोही त्याने खाल्ला नाही.

पुढे कच्चा रस्ता, डाळिंबाची बाग, मग एक वस्ती. दोन खोल्या, ओट्यावर उघडून ठेवलेली मोटार. आणि एक बाई खाली बसून केबल जोडत होती. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असेल. वायर गुडघ्याखाली दाबलेली, टेपचं टोक दातात. उजव्या हाताने काम करत होती आणि टेप जात होती उलटी, डाव्या वळणाने.

मी जिथल्या तिथे उभी राहिले. हे वळण नुसतं बघून येत नाही. शेजारी बसावं लागतं, वायर धरावी लागते, रोज टेप कापून द्यावी लागते, तेव्हा ते नकळत हाताला लागतं. मला ते तसंच लागलं आणि तरी मी वर लिहून ठेवलंय की असा सांधा बांधणारा दुसरा माणूस नाही. मी स्वतः तो रोज बांधते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या सांध्यावरून एवढंच कळत होतं की कोणीतरी मच्छिंद्रच्या शेजारी बसलेलं होतं.

तिने वर बघितलं, सायमनला ओळखलं आणि मग माझ्याकडे बघत राहिली. "देवळालीच्या का?" म्हणाली. पण उठली नाही. सांधा पुरा केला, दाबून बघितला आणि मग उठली. सांधा अर्धा सोडून उठू नये असं तो मलाही सांगायचा.

मी विचारलं, "ते कुठे आहेत?"

तिने सायमनकडे बघितलं. "सांगितलं न्हाई व्हय तुमी?"

सायमन टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसला.

रेश्मा तिचं नाव. तिचा नवरा आधीच वारलेला. मच्छिंद्र सुरतेत वर्षभर राहिला आणि परत आला, पण देवळालीला नाही, पारनेरच्या बाजूला. मोटारी दुरुस्त करत फिरायचा. तिच्या विहिरीतली मोटार काढायला आला आणि राहिला. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका विहिरीवर मोटारीच्या ओल्या स्टार्टरला हात लागून त्याला करंट बसला.

"जागीच," रेश्मा म्हणाली. "दवाखान्यात न्यायला काय उरलंच न्हवतं. फोनमधी 'आई' म्हनून नंबर हुता, त्यो म्या लावला. आई या सायमनभाऊंच्या टेम्पोत आल्या. पोलिसांच्या कागदावर अंगठा त्यांनीच दिला. त्या आल्यावर मंग अग्नी दिला."

शिर्डी. उदी नाही, प्रसाद नाही. तळलेल्या मिरच्या. सगळं माझ्याच अक्षरात या डायरीत पडून आहे, आणि मी लिहिलंय, वय झालंय.

मी विचारलं, "माझा नंबर नव्हता?" हे का विचारलं मला माहीत नाही.

"नावानं न्हवता. 'दुकान' म्हनून एक हुता. म्या म्हनलं गिऱ्हाईक असंल."

मला हसू आलं. खरंच हसले, सायमन दचकून उभा राहिला. मग ते हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते मलाही कळलं नाही. रेश्माने पाणी आणलं. ती मला ताई म्हणत होती, मी तिला काहीच म्हणत नव्हते.

"त्यांनी सांगितल्यालं, घरी फकस्त आई हाय," ती म्हणाली. "तुमी हाय हे मला आईंनी त्या दिशी सांगितलं. एवढं म्हातारं मानूस माज्या पाया पडलं. म्हनल्या, तिला कळू देऊ नगं."

मी जो प्रश्न घेऊन गेले होते त्याचं उत्तर तिच्याकडे असणं शक्य नव्हतं. मी काय केलं होतं, हे तिने त्याला कधी विचारलंच नसेल, तिच्या लेखी मी नव्हतेच. तिच्यावर चिडायचं म्हटलं तर कशावरून चिडावं ते सापडेना. शेवटी विचारलं, "काम करताना बोलायचे का ते?"

"न्हाई. गप. टेप पायजे असली तर नुसता हात फुडं करायचे."

माझ्याशीही तसंच. आम्ही दोघी ओट्यावर बसून रडलो. तिच्यासमोर रडायचं नाही असं ठरवायला मला वेळच मिळाला नव्हता.

आता आसपासच्या मोटारींचं काम तीच करते. "लोकं आधी हसायची. आता बोलावत्यात," म्हणाली. निघताना कोपऱ्यातलं जुन्या केबलीचं भेंडोळं दाखवून म्हणाली, "ताई, ह्ये न्या. काय द्यायचं ते द्या." मी म्हटलं, असं नाही. चाकू मागून घेतला, हातभर तुकडा कापला, सोलला. पाण्यात राहून तांबं काळं पडलं होतं, पण खरवडल्यावर आतून चांगलं निघालं. चांगल्याचाच भाव सांगितला.

परत येताना सायमन म्हणाला, "तिच्याकडून मी मुद्दाम माल घेत न्हाई, वहिनी. त्यो तुकडा शेजारच्या शेतकऱ्याच्या पोत्यातून आला. माजं लक्ष न्हवतं." थोड्या वेळाने म्हणाला, "लंकाआत्यानं मला येशूची शपथ घातल्ती."

"ती कुठे येशूला मानते?"

"मी मानतो म्हनून घातली."

१९ ऑक्टोबर, शनिवार

काल घरी पोचले तेव्हा आत्या ओट्यावर बसून होती. तिने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं. मी आत जाऊन पडले. तिने ताट वाढून ठेवलं होतं, मी उठले नाही.

आज सकाळी बोलणं झालं. बोलणं कसलं, मी ओरडले. शेजारपाजारचे ऐकत असतील तर ऐकू देत. आयुष्यात पहिल्यांदा तिला अगंतुगं केलं. वर्षभर माझ्या हातात चुडे भरलेस. माझ्या नवऱ्याला तुझ्यासमोर अग्नी दिला आणि मला शिर्डीची थाप मारलीस. तू रडून घेतलंस, त्या बाईने रडून घेतलं, सायमननेही रडून घेतलं असेल. मला माझ्या माणसासाठी रडायलासुद्धा ठेवलं नाहीस.

ती खाली मान घालून ऐकत होती.

मी म्हटलं, "घाबरलीस ना, मी निघून जाईन म्हणून? म्हातारपणी भाकरी कोण घालील म्हणून?"

"त्ये बी हुतं," ती म्हणाली. खोटं बोलली नाही.

मला वाटलं तिला आणखी काही सांगायचं नाही. मी उठायला लागले तेव्हा तिने माझ्या साडीचा काठ धरला.

"पन तेवढंच न्हाई. म्या त्याला सरनावर बघून आले, आन् घरी आले तर तू दारात उभी. टेम्पोत कोन कोन हाय ते वाकून बघत हुतीस. रोजच बघायचीस. म्या म्हनलं, इथं अजून न्हाई मेला त्यो. तू वाट बघत हुतीस तवर मला बी त्यो जित्ता वाटायचा."

राग गेला असं नाही, तो आहे, उद्याही असेल. पण मी खाली बसले, तिच्या शेजारी. तिने माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि वर्षभर तोंडात पदर कोंबून दाबलेलं सगळं मोठ्याने रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुकान आज उघडलं नाही. संध्याकाळी दारात टेम्पो येऊन थांबल्याचा आवाज झाला. आम्ही दोघीही उठलो नाही.